कौलावर लिहिलेलं नाव

स्मिताताई कोरियाला निघाल्या त्या काही देवाधर्मासाठी नव्हेत, नवऱ्याचा हट्ट पुरवायला. श्रीनिवासरावांना लेण्यांचं वेड. बाविसाव्या वर्षी अजिंठा पाहिलं आणि तेव्हापासून हा माणूस सुट्टी मिळाली की कुठल्यातरी डोंगरात मान वर करून उभा. सिंगापूरच्या जहाज कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा मुलाने, क्षितिजने, विचारलं, बाबा, काय देऊ? तर म्हणाले, ग्यॉन्जू दाखव. कोरियातली जवळजवळ हजार वर्षं टिकलेली राजधानी, गावात आणि डोंगरात जिकडे बघावं तिकडे बुद्ध. क्षितिजने पाच दिवसांची तिकिटं काढली, तिथली एक गाइड ठरवली, आणि ऑक्टोबर संपता संपता दोघं निघाले.

सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटमधून निघताना सात वर्षांची नात, जाई, लिफ्टपर्यंत पोचवायला आली. तिची शाळा चालू होती. तिने तिथल्या पोरांच्या 'लाह'वाल्या इंग्रजीत आजीला बजावलं, "ब्रिंग स्नो, हां आजी. डोन्ट फर्गेट लाह." या दिवसांत तिकडे बर्फ नसतो हे तिला सांगायचं दोघांच्याही जिवावर आलं.

गाइड निघाली चांगली अडुसष्ट वर्षांची. बुटकी, पाठीला सॅक, पायात डोंगर चढायचे बूट, डोक्याला जांभळी टोपी. नाव चे ओक-सून. तिकडे आडनाव आधी लावतात, म्हणजे 'चे' हे आडनाव, पण श्रीनिवासरावांना कोण सांगणार! "अगं, या तर आपल्या ओक निघाल्या. विचार, मूळच्या कुठल्या." तेव्हापासून त्या ओकबाई झाल्या आणि त्यांनी ते हसून चालवून घेतलं. उमेदीची वीस वर्षं हॉटेलात काम केलेलं, त्यामुळे इंग्रजी स्वच्छ. त्यांची एक पद्धत होती. कुठल्याही देवळात शिरण्याआधी त्या हात आडवा धरून थांबवायच्या आणि इथे काय करायचं नाही ते आधी सांगायच्या. मधल्या दाराने जायचं नाही, ते भिक्खूंचं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. काय बघायचं ते तुमचे डोळे सांगतील, म्हणायच्या, काय करू नये ते सांगायला मी.

तीन दिवस सुखाचे गेले. रस्त्याच्या कडेला हिरव्यागार टेकड्या दिसायच्या आणि ओकबाई सहज सांगायच्या, हा एक राजा झोपलाय, ही त्याची राणी. सोक्कुरामची गुहा बघितली तेव्हा तर श्रीनिवासराव काचेपुढून हलेचनात. डोंगर खोदून केलेली नव्हे, दगडावर दगड रचून उभी केलेली ती गुहा, आत समुद्राकडे तोंड करून बसलेला पांढरट दगडाचा बुद्ध. आपण डोंगर पोखरून बुद्ध काढला आणि यांनी बुद्धासाठी डोंगर रचला, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा फाटलाच. स्मिताताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. या बाईने आपल्या नवऱ्याला हे दाखवलं म्हणून त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, हिला फराळ पाठवायचा.

चौथ्या दिवशी नामसानचा डोंगर. वाकडीतिकडी पाइनची झाडं, आणि झाडांमागे कातळांवर कोरलेले, वाटेच्या कडेला बसलेले बुद्ध. कितीकांना डोकीच नव्हती. कुणाचे हात गेलेले. अंगावरच्या वस्त्राची गाठ मात्र अशी, की सोडायला जावं. ओकबाई प्रत्येकापुढे वाकायच्या आणि मागोमाग स्मिताताई हात जोडायच्या. दुपारी धुकं उतरलं. त्याला ओल्या मातीचा आणि पाइनच्या चिकाचा वास होता. त्या वासातून चढत ते एका लहानशा देवळापाशी आले. एक म्हातारा भिक्खू, एक अंगण, आणि अंगणात काळ्या कौलांची चळत.

देवळाचं छप्पर नवं करायचं होतं. रीत अशी, की एक कौल घ्यायचं, पांढऱ्या रंगाच्या पेनाने त्यावर घरच्या माणसाचं नाव लिहायचं, ते कौल छपरावर चढतं, आणि देवळाचं छप्पर आहे तोवर ते नाव देवाच्या डोक्यावर राहतं. स्मिताताईंना ही कल्पना फार आवडली. कुणाचं नाव लिहायचं याचा विचारही करावा लागला नाही. पण पेन वाळलेलं निघालं. ओकबाई म्हणाल्या, थांबा, आतून दुसरं आणते, आणि आत गेल्या. त्या देवळापाशी काय करायचं नाही हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

आता स्मिताताईंना हातावर हात धरून बसणं ठाऊक नाही. शिवाय मंगल काम, आणि कुंकू नको? त्यांच्या पर्समध्ये कुंकवाची डबी कायम असते. ती उघडली, पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब घातले, अनामिकेने आधी वर 'श्री' काढला आणि खाली चांगलं ठळक लिहिलं, 'जाई'. काळ्या कौलावर ते असं काही शोभलं, की श्रीनिवासरावांनीही वा म्हटलं.

ओकबाई पेन घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या.

"हे... कुणाचं नाव?"

"नातीचं. जाई."

"जिवंत आहे?"

"हे काय विचारणं झालं... सात वर्षांची आहे ती."

ओकबाई कौलापाशी उकिडव्या बसल्या. त्यांनी सांगितलं ते अगदी हळू, कौलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. इकडे लाल रंगात नाव लिहितात ते गेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं चुकूनही नाही, लाल पेनाने शाळेच्या वहीवरसुद्धा नाही. श्रीनिवासराव म्हणाले, अहो, देशोदेशीच्या रीती वेगळ्या, आमच्याकडे लाल म्हणजे शुभ, पुसून टाकू. स्मिताताईंनी रुमाल ओला करून घासायला सुरुवात केली. कच्चं कौल ते, कुंकू पिऊन बसलं होतं. 'श्री' लगेच गेला. 'जाई' मात्र जितकं पुसावं तितकं ठसठशीत होत होतं.

ओकबाईंनी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मग त्यांनी छपराच्या कोपऱ्याकडे मान वर केली. तिथे टांगलेली लहानशी घंटा मघापासून वाऱ्यावर किणकिणत होती, ती आता थांबली होती. वारा होता. धुकं हलत होतं, स्मिताताईंचा पदर हलत होता. घंटा तेवढी हलत नव्हती.

"आधी सांगायला हवं होतं मी," ओकबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. चला, खाली उतरू. मागून कुणी हाक मारली... तर ओ देऊ नका."

वाट साधी होती, चढताना तासाभराची. उतरताना मात्र संपेना. पुढे श्रीनिवासराव, मध्ये स्मिताताई, शेवटी ओकबाई काहीतरी पुटपुटत. स्मिताताईंच्या आजोळी चकव्याच्या गोष्टी सांगत, त्याच त्याच झाडाशी माणूस परत येतो म्हणून. इथे झाड वेगळं येत होतं, पण तोच बिनडोक्याचा बुद्ध दोनदा भेटला असं त्यांना वाटलं. आणि ओकबाईंच्या बुटांच्या मागे, पडलेल्या पाइनच्या काड्यांवर, आणखी पावलं होती. हलकी, अनवाणी. आपण थांबलो की थांबायची. हाक कुणी मारली नाही. कुणी हाक मारायच्या बेतात आहे एवढंच सारखं वाटत राहिलं.

पायथ्याशी फोनला रेंज आली तेव्हा सुनेचे, कादंबरीचे, अकरा मिस्ड कॉल होते. जाई शाळेनंतरच्या स्टुडंट केअरमध्ये चित्र रंगवता रंगवता कोसळली होती. हॉस्पिटलमध्ये नेलंय, उठत नाहीये. किती वाजता? दोन वाजून दहा मिनिटांनी. सिंगापूर कोरियाच्या एक तास मागे आहे. श्रीनिवासरावांनी मनात हिशेब केला, इथले तीन वाजून दहा.

बुसानच्या विमानतळापर्यंत टॅक्सी ओकबाईंनी ठरवली, हॉटेलातलं सामान मागवून घेतलं, स्मिताताईंच्या हातात कोमट चहाचा थर्मास दिला. स्मिताताई रडत माफी मागत होत्या. ओकबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले, एकदा दाबले, आणि सॅकमधून टॉर्च काढून त्या परत डोंगराच्या वाटेला लागल्या. गुडघा दुखरा होता त्यांचा, चार दिवस बघितलं होतं. टॅक्सीच्या काचेतून ती जांभळी टोपी धुक्यात शिरेपर्यंत दिसली.

वॉर्डात जाई झोपल्यासारखी पडली होती. सगळे रिपोर्ट चांगले. ताप नाही, मार नाही, मेंदूचे फोटो स्वच्छ. डॉक्टर तरुण आणि प्रामाणिक होता, म्हणाला, आम्हालाही कळत नाही, वाट बघू. तिथली पद्धत अशी, की नर्स प्रत्येक वेळी मनगटावरची पट्टी वाचते आणि पेशंटला नावाने हाक मारते. दर दोन तासांनी एक नर्स वाकून मोठ्याने म्हणायची, जाई, जाई, कॅन यू हिअर मी? स्मिताताई उशाशी होत्या. पोरीचा हात त्यांच्या हातात होता, आणि त्यांच्या लक्षात आलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक हाकेनंतर तो हात थोडा आणखी गार पडत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओकबाईंचा फोन आला. आवाज बसलेला होता. त्या दोन रात्री देवळातच होत्या. कौल वाळूने घासलं, मिठाच्या पाण्यात ठेवलं, नाव जात नाही. फोडायचं म्हटलं तर भिक्खू म्हणतो, एकोणपन्नास दिवसांच्या आत नाही. आपल्याकडे तेरा दिवस, तसे त्यांच्याकडे एकोणपन्नास. तेवढे दिवस गेलेल्याचं नाव वाट शोधत असतं.

"म्हणून मी ते नाव घेतलंय," ओकबाई म्हणाल्या.

"घेतलंय... म्हणजे?"

"नाव लिहिलं गेलं, तर ते कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. एकोणपन्नास दिवस जाई मी. कुणी विचारत आलं तर मी ओ देईन. तुमच्या नातीला माझं नाव द्या. ते स्वच्छ आहे. तिचं नाव तोंडातून काढू नका. कुणीच नाही."

स्मिताताईंना हुंदका आवरेना. त्या म्हणाल्या, अहो, पण तुम्हाला काही झालं तर? तिकडून हसल्यासारखा आवाज आला. माझ्या आधीची तीन भावंडं गेली, ओकबाईंनी सांगितलं, म्हणून मला पाच वर्षांची होईपर्यंत कुत्र्याची घाण म्हणून हाक मारायचे, कुणी न्यायला आलं तर नाक मुरडून परत जावं म्हणून. नावाआड लपायची मला सवय आहे. स्मिताताई म्हणाल्या, आमच्याकडेही ठेवतात हो, दगडू, धोंडू, कचरू. मग तुम्हाला समजावून सांगायला नको, असं म्हणून ओकबाईंनी फोन ठेवला.

चार दिवसांची ओळख. सख्खी बहीण करणार नाही ते या बाईने केलं. स्मिताताईंनी डोळे पुसले, नातीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "ओक... ओक-सून, ऊठ बाळा."

तिसऱ्या हाकेला पोरीने डोळे उघडले आणि प्यायला मायलो मागितलं.

क्षितिज कंपन्यांची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळतो, त्याला हे पटणं शक्यच नव्हतं. पण मुलगी उठून बसली होती, आणि देव तारी त्याला कोण मारी म्हणून गप्प राहण्याइतका तो शहाणा होता. कादंबरीने नर्सला सांगितलं, हिला घरच्या नावाने हाक मारा. मलाय नर्सने एकदा आजीकडे बघितलं, मान हलवली आणि पट्टीवर चिकटपट्टी लावली. तिने कारण विचारलं नाही.

घरी आल्यावर पोरीला ही गंमत वाटली. "व्हाय आय अॅम ओक? सो फनी, लाह." शाळेला आधी मेडिकल रजा होती आणि मग वर्षअखेरची सुट्टी लागली, तेव्हा तोही प्रश्न मिटला. फ्रिजवरची नावाची अक्षरं काढली, पाण्याची बाटली बदलली. ज्या श्रीनिवासरावांनी 'ओक' ही थट्टा सुरू केली, ते आता ते नाव देवाचं घ्यावं तसं घेत. दर सातव्या दिवशी ओकबाई दुखऱ्या गुडघ्याने डोंगर चढत, देवळात बसत. त्याच वेळी पुंगोलला स्मिताताई समई लावून बसत आणि त्या बाईचं आयुष्य मागत. आपल्या नातीसाठी मागायचं राहून जायचं, इतकं त्या बाईसाठी मागत.

चौथा आठवडा संपताना एक संध्याकाळ आली. समई लावली तेव्हा घरात वास आला. सतराव्या मजल्यावर, ओल्या मातीचा आणि पाइनच्या चिकाचा. दारातली पायपुसणी ओली होती. बाहेर पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारची मॅडम लिम भेटली आणि काळजीने म्हणाली, तुमची नात रोज संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये एकटी उभी असते, तुमच्या दाराकडे तोंड करून. तिला चप्पल घालायला सांगा हो, फरशी गार असते.

संध्याकाळी नात स्मिताताईंच्या डोळ्यांपुढे असायची. स्तोत्र संपेपर्यंत मांडीवर.

त्यांनी ओकबाईंना फोन लावला. ओकबाई म्हणाल्या, माझ्याकडेही येते. नाव घेऊन विचारते, मी ओ देते. मग माझ्या या सुरकुतलेल्या हातांकडे बघत बसते. तुमच्याकडे नुसती बघायला येत असेल. नाव घेऊ नका, म्हणजे थकेल.

स्मिताताईंनी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, वाटते. पण चूक माझी होती.

एकदा पोरीने रस सांडला तेव्हा क्षितिज रागाने "जा..." एवढं म्हणाला आणि स्वतःचीच जीभ चावून बसला. त्या क्षणी दाराबाहेरच्या लोखंडी गेटला कुणीतरी हात लावल्यासारखा बारीक आवाज झाला. नंतर मात्र काही नाही. वास येईनासा झाला, पायपुसणी कोरडी राहिली. मॅडम लिमने सांगितलं, हल्ली शहाणी झाली तुमची नात, बाहेर उभी राहत नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी दुपारी ओकबाईंचा फोन आला. आवाज अशक्त होता पण मोकळा. भिक्खूने कौल फोडलं, तुकडे ओढ्यात सोडले. दोन दिवस कुणी आलेलं नाही. गेली ती. माझं नाव मला परत द्या आता, तुमचं तुम्ही घ्या. स्मिताताई एवढंच म्हणाल्या, तुमचे उपकार सात जन्म फिटायचे नाहीत. ओकबाई म्हणाल्या, फेडायचे कशाला, पुढच्या शरदात या, राहिलेले बुद्ध दाखवते.

त्या संध्याकाळी घरात सणासारखं होतं. स्मिताताईंनी पुरण घातलं. श्रीनिवासरावांनी पाटाभोवती रांगोळीच्या नावाखाली चार रेघा ओढल्या. क्षितिज लवकर आला. कादंबरी ऑफिसमधून येऊन दाराशीच चपलांच्या कपाटापुढे वाकली होती, दुसरी सँडल शोधत. पोरगी बाथरूममध्ये हात धूत होती, पाण्याचा आवाज येत होता. समई शांत जळत होती. स्मिताताईंचं मन इतकं भरून आलं होतं, की ताट वाढून झाल्यावर त्या क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या. सात आठवडे गिळलेलं नाव. कुठल्याशा डोंगरातल्या एका म्हातारीने स्वतःच्या अंगावर वागवून, धुऊनपुसून परत पाठवलेलं. त्यांनी मनोमन तिला नमस्कार केला आणि तोंड भरून हाक मारली.

"जाई... जेवायला चल गं."

"कमिंग, कमिंग, वेट लाह!" बाथरूममधून पोरगी ओरडली.

आणि त्याच वेळी दाराबाहेरून, गेटच्या अगदी जवळून, तोच आवाज आला. तोच कोवळा, जरासा घोगरा. त्यांच्या नातीने आजवर आजीला कधीही न दिलेल्या स्वच्छ मराठीत.

"आले गं आजी. दार उघड ना."

जाई ओले हात घेऊन बाहेर आली आणि आजीशेजारी उभी राहून दाराकडे बघू लागली. स्मिताताईंनी आधी तिला पोटाशी ओढलं. कादंबरीची पाठ त्यांच्याकडे होती. तिने सँडल खाली टाकली, "हो गं, उघडते, बाहेर कधी गेलीस?" असं म्हणाली, आणि सवयीने कडी काढली.